पिशवी रिकामी राहावी म्हणून माणूस उपाशी ठेवू नका

पत्र: ताई, आम्ही सोलापूरचे, विडी घरकुलात राहतो. माझे मालक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, वय ४९. त्यांना संडासच्या जागेचा कॅन्सर निघाला. आधी २५ शेक (रेडिएशन) दिले, मग ऑपरेशन झालं. पोटावर उजव्या बाजूला पिशवी लावली आहे, काही महिन्यांनी बंद करू म्हणाले. घरी येऊन १८ दिवस झाले. पिशवी भरू नये म्हणून हे एकदाच जेवतात, तेही चार घास. पाणी मोजून पितात आणि मग घसा सुकला की माठातलं तांब्याभर एकदम. पिशवीत पाण्यासारखंच येतं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. दीर म्हणतात, रोग खाली आणि भोक पोटावर, म्हणजे डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय. सासूबाई त्यांना देवघरापाशी येऊ देत नाहीत. ही पिशवी खरंच लागत होती का? बंद केल्यावर ते पहिल्यासारखे होतील का? मी विड्या वळते, पिशवी मीच बदलते, पण दर दुसऱ्या दिवशी गळते आणि कातडी सोलवटली आहे. — एक बहीण

ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण त्याआधी जे तुम्ही प्रश्न म्हणून विचारलंच नाही त्याबद्दल. पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, पाण्यासारखी पिशवी आणि बाहेर सोलापूरचं चैत्रातलं ऊन. हे वाचून होताच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा आणि मालकांना आजच दाखवून आणा. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासायचं का, ते तिथे विचारा. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती पाकिटासकट दाखवा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना यातल्या काही गोळ्यांनी किडनीवर ताण येतो. ती चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टर सांगतील, तुम्ही मनानं ठरवू नका. दिवसभरात लघवी किती वेळा झाली आणि रंग कसा होता हेही सांगा.

एवढ्या घाईनं लिहिते त्याला कारण आहे. माझी तीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात गेली. एका वैशाखात अशीच पिशवी असलेल्या एका गृहस्थांना दोघांनी धरून रिक्षातून उतरवलं होतं. जीभ वाळल्या चामड्यासारखी, मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. त्यांची बायको रडत म्हणत होती, ‘सिस्टर, पाणी तर घागरीनं पाजलं हो.’ ती खोटं बोलत नव्हती. तिनं साधं पाणी पाजलं होतं, आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं की या पिशवीत साधं पाणी पुरत नाही. ते सांगायचं काम आमचं होतं. डिस्चार्जच्या गडबडीत ते राहून गेलं होतं.

मालकांची पिशवी लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर आहे. आपण खाल्लेलं तिथपर्यंत पातळच असतं. त्यातलं पाणी आणि मीठ शोषून घेऊन ते घट्ट करायचं काम पुढच्या मोठ्या आतड्याचं, आणि नेमका तोच टप्पा सध्या वाटेतून वगळलेला आहे. म्हणून पिशवीतून जातं ते नुसतं पाणी नाही, त्याबरोबर मीठही जातं. अशा वेळी तांब्याभर साधं पाणी एकदम प्यायलं, की ते आतड्यात अंगातलंच मीठ ओढून घेतं आणि दोन्ही मिळून पिशवीत उतरतं. माणसाला वाटतं, पाणी प्यायलं की पिशवी भरते, म्हणून तो पाणी तोडतो. मग अंग सुकतं, तहान सोसवत नाही, पुन्हा तांब्या तोंडाला लागतो. तुमच्या घरी हेच चाललंय.

जेवण कमी केल्यानं पिशवी थांबत नाही. आतडं स्वतःचे रस सोडतच राहतं, फक्त ते घट्ट करायला पोटात अन्न नसतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं जेवणाऱ्याची पिशवी दह्यासारखी येते आणि उपाशी राहणाऱ्याची पाण्यासारखी. मालकांना हे नीट समजावून सांगा. लाजेपोटी ते जे करतायत, त्यानंच पिशवी पातळ होते, गळते आणि कातडी जळते.

औषधाच्या दुकानातून ओआरएसची पाकिटं आणा. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं अंदाजानं करायचं नाही. ते दिवसभर घोट घोट प्यायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचं. सरबतासारखी दिसणारी तयार गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, जास्त साखरेनं पिशवी आणखी पातळ होते. साधं पाणी बंद करायचं नाही, पण एका वेळी पाव पेला. मीठ घातलेलं ताक, भाताची पेज, वरणाचं पाणी चालेल. साखरेचा, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

एक मापाचा प्लास्टिकचा जग घ्या, तो फक्त याच कामाला ठेवा आणि पिशवी रिकामी कराल तेव्हा किती मिली निघालं ते वहीत लिहा. घडी बसल्यावर चोवीस तासांत साधारण ५०० ते १००० मिली येतं. १५०० च्या वर जाऊ लागलं तर वाट न बघता दवाखान्यात कळवायचं. आतड्याची चाल मंद करणारी लोपेरामाइडची गोळी अशा वेळी डॉक्टर जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात, पण ती तुम्ही आपल्या मनानं सुरू करू नका. आणि याच्या उलट, चार-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही, पोटात कळा मारतायत, उलटी होतेय, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा रात्र असली तरी निघायचं.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. त्यांना माझ्याकडून सांगा, चूक झाली म्हणून ही पिशवी लावत नाहीत. आतला जोड गळलाच तर त्याची किंमत मोठी पडू नये म्हणून लावतात.

ऑपरेशनमध्ये गुदाशयाचा रोग लागलेला भाग आणि त्याभोवतीची चरबी काढून टाकतात, मग वरचं आतडं खाली ओढून गुदद्वाराच्या जवळ जोडतात. हा जोड जितका खाली, तितका तो नाजूक. तिथे रक्तपुरवठा बेताचा, जागा अडचणीची. पुरुषांचं कटीर, म्हणजे कमरेचं हाडांचं कडं, अरुंद असतं, त्यामुळे सर्जनचा हातही तिथे अडचणीत चालतो. वर आधी शेक दिलेले असले की ते मांस भरून यायला मंद होतं. तुमच्या मालकांना शेक झालेत आणि ते पुरुष आहेत. जोड किती खाली आहे ते डिस्चार्ज कार्डावर असेल, डॉक्टरांना विचारून घ्या. असा जोड सुटला आणि त्यातून विष्ठा पोटात गेली, तर सगळ्या अंगात विषार पसरतो, पुन्हा पोट उघडावं लागतं आणि माणूस जाऊही शकतो.

स्वीडनमध्ये खाली जोड केलेल्या २३४ रुग्णांवर हे ताडून पाहिलं गेलं. कुणाला पिशवी लावायची आणि कुणाला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. २००७ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. पिशवी नसलेल्या १०० जणांमागे २८ जणांना जोड गळाल्याचा त्रास झाला, पिशवी असलेल्यांत १० जणांना. तातडीनं पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, तेही पिशवी नसलेल्यांत १०० मागे २५ आणि असलेल्यांत ९ जणांना. पिशवी म्हणजे जोडावर जादू नव्हे, पिशवी असूनही जोड गळू शकतो. पण तो गळला तरी त्यातून फारसं काही वाहत नाही, म्हणून बहुतेकदा माणूस निभावून जातो.

तुमचे मालक जॉबर आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. माग चालू ठेवून तुटलेली तार सांधता येते का, एवढंच त्यांना विचारा. आधी माग थांबवावा लागतो. इथे जोड भरून येईपर्यंत खालचा माग थांबवला आहे आणि माल तेवढ्यापुरता दुसऱ्या दारानं बाहेर काढला आहे.

हे दार बंद कधी होणार? सगळं सुरळीत असेल तर साधारण दोन ते तीन महिन्यांनी. पण कॅन्सरच्या गाठीचा रिपोर्ट पाहून केमो द्यायची ठरली, तर बहुतेक ठिकाणी ती संपल्यावर बंद करतात, म्हणजे सहा-सात महिनेही जातील. केमोच्या दिवसांत पिशवी जास्त पातळ होऊ शकते, तेव्हा वरची वही आणखी काटेकोर ठेवा. बंद करण्याआधी बोटानं आणि दुर्बिणीनं किंवा खालून औषध सोडून एक्स-रे काढून जोड पाहतात. काही जणांची पिशवी जोड नीट न भरल्यानं किंवा रोगाच्या दुसऱ्या अडचणीनं लांबते, काहींची कायम राहते. हे मी दडवणार नाही. तुम्ही दिवाळीची तारीख मनात धरून बसाल आणि ती हुकली की घर पुन्हा खचेल, म्हणून आत्ताच सांगते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, ‘केमो आहे का? जोड कधी तपासणार?’ तारखेपेक्षा या दोन उत्तरांवरून तुम्हाला जास्त कळेल.

दुसरा प्रश्न, पहिल्यासारखे होतील का. ताई, पूर्वीसारखे होतील असं मी म्हणणार नाही. चांगले होतील, पण वेगळे. गुदाशय म्हणजे विष्ठा साठवायची थैली. तीच काढली आहे. पिशवी बंद झाल्यावर पहिले काही आठवडे दिवसात आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा जावं लागेल. एकदा जाऊन आलं की पाच मिनिटांत पुन्हा. लागली की धीर निघणार नाही, वारा सरतोय की आणखी काही ते कळणार नाही. शेक झालेल्यांत आणि खाली जोड असलेल्यांत हे जास्त होतं. आमच्याकडे पिशवी बंद करून हसत गेलेली माणसं महिन्यानं परत येऊन रडलेली मी पाहिली आहेत, ‘सिस्टर, पिशवीच बरी होती’ म्हणत. त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून ते घाबरले. हे हळूहळू निवळतं. वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात आणि थोडं कायम राहतं. इसबगोल, लोपेरामाइड, ठरलेल्या वेळी जेवण यांनी पुष्कळांना ताबा मिळतो. वारा अडवताना जसं खालून आकसतो, तसं आकसून पाच मोजायचं आणि सोडायचं, हा व्यायाम आत्तापासून करू का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि त्या काळात कामावर परतायचं झालं तर शेठजींकडे आधी एकच गोष्ट मागा, संडासच्या जवळचा माग. वजन उचलणं मात्र ऑपरेशनपासून सहा-आठ आठवडे नाही, सुताचा जड बीम ढकलणं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाहीच. पिशवीच्या जागेतून हर्निया होतो.

आता गळती. तुम्ही विड्या वळता, ताई. पत्र्याचं माप ठेवून तेंदूचं पान कातरायची तुमच्या बोटांना सवय आहे. मी वॉर्डात शिकाऊ मुलींना पिशवी कातडीला चिकटवणारी प्लेट कापायला शिकवलं, त्यांच्या हातात ही सफाई यायला महिने लागायचे. तुमचा दोष हाताचा नाही, मापाचा असणार. दवाखान्यात पहिल्यांदा घेतलेलं माप तुम्ही अजून वापरताय ना? ऑपरेशननंतर पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याचा तो लाल गोळा, म्हणजे स्टोमा, सुजलेला असतो आणि सहा-आठ आठवड्यांत आकसत जातो. प्लेटचं भोक मोठं राहिलं की उघड्या कातडीवर पाचक रस बसतो. अन्न पचवणारा रस तो, कातडीही पचवतो. दर आठवड्याला नव्यानं माप घ्या. गोळा आणि प्लेट यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी फट ठेवा, त्याहून जास्त नाही.

बदलायचं सकाळी, चहाच्याही आधी, कारण तेव्हा आतडं शांत असतं. जुनी प्लेट ओढायची नाही. एका हातानं कातडी दाबत, कोमट पाण्याचा ओला कपडा फिरवत वरून खाली सोडवायची. जुन्या टॉवेलचा मऊ तुकडा घ्या, तो तुमच्या घरी नक्की असेल. साधं पाणी पुरतं. डेटॉल नको, खोबरेल नको, हळद नको, पावडर नको. तेलाचा हात लागला की प्लेट धरतच नाही. कातडी पूर्ण कोरडी झाली की स्टोमाची पावडर सोलवटलेल्या जागेवर चिमूटभर भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका. नवी प्लेट दोन तळव्यांत मिनिटभर धरून ऊब द्या, मग बसवा आणि वरून तळहात ठेवून दोन मिनिटं तसाच राहू द्या. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. पूर्ण भरू दिली की वजनानं प्लेट सुटते. अशानं प्लेट तीन-चार दिवस टिकली पाहिजे. खाली जळजळ सुरू झाली तर वरून चिकटपट्टी लावून दिवस ढकलू नका, तेव्हाच बदला.

पुसताना गोळ्यावर थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, ओठाच्या आतल्या बाजूसारखाच तो नाजूक असतो, आणि त्याला हात लावला तर दुखत नाही. रंग लालच हवा. जांभळा, काळा पडला तर लगेच दवाखाना. खालून, नेहमीच्या जागेतून अधूनमधून चिकट शेंबडासारखं येतं, लागल्यासारखंही वाटतं. तेही रीतीचंच आहे, आतलं आतडं तो स्राव तयार करतच असतं. ताप आणि घाण वासाचा पू मात्र तसा सोडायचा नाही.

जेवणात सोलापूरकराला एकच गोष्ट जड जाईल, शेंगाचटणी. पहिले सहा-आठ आठवडे ती बंद. शेंगदाणा, मक्याचे दाणे, सुकं खोबरं, मोड आलेल्या मटकीची सालं, पालेभाज्यांचे देठ यांचा गोळा होऊन अरुंद जागेत अडकतो. सासूबाईंच्या एकादशीला खिचडी होईल तेव्हा मालकांची वाटी दाण्याच्या कुटाआधी बाजूला काढा, साबुदाणा स्वतः पिशवी घट्ट करायला चांगलाच. मऊ भात, केळं, बटाटा, दही, मऊ शिजवलेलं अंडं हेही. कडक भाकरी सध्या नको, ताजी भाकरी वरणात कुस्करून थोडी चालेल. प्रत्येक घास चावून चावून. रात्रीचं जेवण सात-साडेसातला उरकलं तर मध्यरात्री उठावं लागत नाही. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणा. शेंगाचटणीही येईल, बारीक कुटलेली, चमचाभर.

पिशव्या पदरच्या पैशानं आणताय असं समजून सांगते. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असलं तरी हा खर्च रोजचा आहे. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि मदत मागा, त्यात लाज नाही. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवी असलेल्या माणसांसाठीच काम करणारी संस्था आहे, टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमाचं वेगळं क्लिनिक आहे. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथेही चौकशी करा. मालकांना अशी पिशवी लावून पुन्हा कामावर गेलेला एखादा माणूस भेटवून द्या असं डॉक्टरांना सांगा. माझ्या दहा वाक्यांनी होणार नाही ते त्याच्या पाच मिनिटांनी होईल.

सासूबाईंशी मी असते तर बाजूला बसून बोलले असते. आई, त्यांच्या पिशवीत जे आहे तेच तुमच्या-माझ्या पोटात आहे, आणि आपण ते घेऊनच रोज देवापुढे उभ्या राहतो. त्यांचं तर बंद पिशवीत आहे, वासही येत नाही. त्या चिडून करत नसतील. मुलाचं दुखणं बघवत नाही आणि हातात दुसरं काही नाही, म्हणून सोवळं धरून बसल्या असतील. त्यांना एक काम द्या. वहीत आकडा लिहिता येत नसेल तर ओआरएसचे दोन-चार घोट दर अर्ध्या तासानं मुलाला देणं त्यांच्याकडे सोपवा. मालकांना आंघोळ पिशवीसकट करता येते. सिद्धेश्वराला जायचं असेल तर पिशवी रिकामी करून, सैल शर्ट घालून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाऊ द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण वयाकडे बघून मीच काढते. गुदाशयाच्या कडेनं जाणाऱ्या बारीक नसा लघवीला आणि नवरा-बायकोच्या संबंधाला लागतात. ऑपरेशनमध्ये आणि शेकानं त्यांना धक्का बसू शकतो. पुरुष हे बोलत नाहीत, कुणासमोर न येण्यामागे कधी हेही असतं. यावर औषधं आहेत, डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही. मालक विचारणार नसतील तर तुम्ही विचारा. आणि रात्री त्यांच्याजवळ झोपायला पिशवीची काहीच आडकाठी नाही, रिकामी करून त्यावर कापडी पट्टा बांधला की झालं.

आजचा दवाखाना झाला की आठ दिवस वही ठेवा आणि आकडे मला कळवा. पिशवीचे मिली, किती वेळा जेवले, लघवीचा रंग, आणि पोटऱ्यांतले गोळे थांबले का.